हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडणं) असेल तर घरी बीपी कसं मोजावं

तलावपाळीला फेरी मारून, वाटेत चहा घेऊन, तीन जिने चढून आल्या आल्या ठाण्यातले आजोबा मशीन काढतात. आकडा बघून घरभर घबराट. तो आकडा जिन्यांचा आणि चहाचा असतो.

१. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळ्यांच्या आधी मोजा. पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. टीव्ही बंद.

२. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या पातळीत. मनगटाचं मशीन नकोच. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, नाडी अनियमित असेल तर तिसऱ्यांदा. सगळे आकडे वहीत लिहा.

३. आता उभे राहा, शेजारी कुणीतरी हवंच. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. हे बहुतेक घरांत होतच नाही, आणि खरी माहिती इथेच मिळते. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांना कळवा. या आजाराच्या बऱ्याच गोळ्या बीपी उतरवतात; डॉक्टर ते जाणूनच देतात, कारण त्यामुळे थकलेल्या हृदयावरचा भार हलका होतो. म्हणून वरचा आकडा १०० च्या आसपास दिसला, पण माणूस नेहमीसारखा हिंडतोय-फिरतोय, तर शेजाऱ्यांच्या सल्ल्याने गोळी बंद करू नका. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा लघवी कमी होत असेल, तर त्याच दिवशी फोन करा. छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वही बाजूला ठेवून १०८ लावा.

४. रोज वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर ते अंगात साठलेलं पाणी असू शकतं; डॉक्टरांना सांगा. मिठाने अंगात पाणी साठतं, म्हणून ते कमीच खा; सैंधव हेही मीठच, त्याची सूट नाही.

हृदय प्रत्यारोपण झालेल्यांचं गणित वेगळं. नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, त्यामुळे बसल्या बसल्याही नाडी ९० ते ११० असू शकते आणि चालायला लागल्यावर सावकाश वाढते. जिना चढण्याआधी थोडं रमतगमत चाला. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिनसारख्या गोळ्यांनी बीपी वाढतं, म्हणून इथे काळजी वर जाणाऱ्या आकड्याची. गणपतीत घरात येणारं पपनस मात्र पूर्ण टाळा. त्याने या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.