पोरगा फास्ट बॉलिंग टाकतो आणि कंबर धरतो? आधी बॉलिंग थांबवा

१३ ते २० वयाचा मुलगा किंवा मुलगी फास्ट बॉलिंग टाकत असेल आणि कंबर दुखते म्हणत असेल तर उसण भरली असेल, होईल बरं दोन दिवसांत, असं म्हणून सोडून देऊ नका. आम्ही तेच केलं आणि दोन महिने घालवले.

माझा मुलगा तेव्हा १५ चा. मॅच झाली की कंबरेत डावीकडे दुखायचं, मग स्प्रे, रात्री शेक, सकाळी परत नेट्स. एक दिवस आंघोळ करून आला, काठीने वरच्या दांडीवर ओला टॉवेल टाकायला जरा मागे रेलला आणि तसाच कळवळून खाली बसला. बुटाची लेस बांधायला पुढे वाकताना काहीच व्हायचं नाही, मागे वाकलं की कळ! हीच खूण लक्षात ठेवा. मागे वाकताना, एकाच बाजूला, बॉलिंगने वाढणारं आणि आराम केला की कमी होणारं दुखणं. राइट आर्म बॉलरला बहुतेक वेळा डावीकडे दुखतं.

होतं काय, तर मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो, त्याला पार्स म्हणतात. बॉल सोडताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा अंगाच्या वजनाच्या पाच-सहा पट जोर येतो आणि नेमकी त्याच वेळी कंबर मागे गेलेली, बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते. हाड रोज थोडं थकतं आणि आरामात भरून येतं, पण भरायला वेळच दिला नाही तर आधी आतून सूज येते आणि मग चीर पडते. वाढत्या वयात हाड अजून पुरतं पक्कं नसतं म्हणून पोरांना धोका जास्त.

आता करायचं काय. शंका आली त्या दिवसापासून बॉलिंग पूर्ण बंद, "फक्त स्लो टाकतो" हेही नाही. खेळाडूंना बघणाऱ्या ऑर्थोकडे जा आणि फास्ट बॉलर आहे हे आधी सांगा. आमचा एक्स-रे नॉर्मल आला होता आणि आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो, पण सुरुवातीची चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये हाडाची सूज चीर पडायच्या आधीही दिसते, म्हणून एमआरआय करायचा का हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पायात मुंग्या किंवा बधिरपणा, लघवी-संडासवर ताबा न राहणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं यातलं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच जा.

मालिश करणाऱ्याकडून कंबर मोडून घेऊ नका. पेनकिलर खाऊन मॅच खेळवणं तर अजिबात नको, दुखणं दबतं आणि चीर वाढते.

सगळ्यात अवघड भाग पुढे आहे. तीन-चार आठवड्यांत दुखायचं थांबतं आणि पोरगा म्हणतो मी फिट आहे, कोचही म्हणतो सेमीफायनल आहे. हाड मात्र तेव्हा भरलेलं नसतं, त्याला साधारण तीन-चार महिने लागतात आणि पूर्ण वेगाने बॉलिंगला त्याहून जास्त. त्या काळात पोट, नितंब आणि मांड्यांची ताकद फिजिओकडून वाढवून घ्या, व्हिटॅमिन डी तपासा. पोराला ऑस्ट्रेलियाच्या फास्ट बॉलर पॅट कमिन्सचं सांगा, २०११ मध्ये १८ व्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली टेस्ट आणि दुखापतींमुळे दुसरी थेट मार्च २०१७ मध्ये, आपल्या रांचीत. बुमराहला २०१९ मध्ये कंबरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर (म्हणजे ताणाने पडलेली अशीच चीर) झालं, २०२२ मध्ये पाठीनेच टी-ट्वेंटी वर्ल्ड कप हुकवला, ऑपरेशन झालं आणि ऑगस्ट २०२३ ला आयर्लंडमध्ये तो परत आला. दोघंही थांबले म्हणून परत टाकू शकले.

आणि वही ठेवा. शाळेची टीम, क्लब, अकॅडमी, तिन्हीकडचे कोच वेगळे आणि प्रत्येकाला वाटतं पोरगा फक्त आपल्याकडेच टाकतो, बेरीज कोणीच करत नाही, ती आई-बापांनीच करायची. नेट्समधले बॉलही धरा. इंग्लंडच्या बोर्डाने १३ वर्षांखालच्यांना एका स्पेलला (एका दमात) ५ आणि दिवसाला १० ओव्हर अशी मर्यादा घातली होती, तेवढी तरी पाळा. सुट्टीनंतर एकदम दुप्पट बॉलिंग सुरू करणं हे तर सगळ्यात वाईट.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर आम्ही उभ्या-उभ्या १२ बॉलपासून सुरुवात केली, एक दिवस टाकायचं आणि एक दिवस सुट्टी, मग अर्धा रनअप, वेग सगळ्यात शेवटी वाढवला. मधे एकदा दांडीवर कपडे टाकताना त्याला पुन्हा जरा जाणवलं, त्याने स्वतःच येऊन सांगितलं आणि आम्ही फिजिओला फोन करून एक पायरी मागे गेलो.