परदेशात घरची माणसं जोडताना

नव्या देशात गेलात की आधी जवळचं महाराष्ट्र मंडळ शोधा. लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे; अमेरिका-कॅनडातली मंडळं बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेली आहेत. पण गणपतीत आरती करून, जेवून घरी आलात तर फक्त ओळखी होतात. आदल्या दिवशीच जा आणि काम मागून घ्या. कोशिंबिरीसाठी ढीगभर काकड्या चोचवताना शेजारची बाई विचारते, ‘बाळंतपणाला कोण येणार गं?’ अशा गोष्टी मांडवात नाही, स्वयंपाकघरातच निघतात.

मग एक-दोन घरंच धरा, पण घट्ट. घराची जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवा. मुलांच्या शाळेत तातडीच्या संपर्कासाठी त्यांना विचारून त्यांचं नाव द्या. मदत मागायला संकोचू नका, मागितल्यानेच समोरच्याला हक्क वाटतो. त्यांच्याकडे कुणी आजारी पडलं तर मऊ भाताचा डबा न विचारता पोचवा. महिन्याचा एक रविवार जेवणाला ठरवून टाका, म्हणजे दर वेळी फोनाफोनी नको.

हे घर मराठीच हवं असं मुळीच नाही. शेजारची एकटी आजी, मग ती कुठल्याही देशाची असो, दिवाळीच्या फराळाला जरूर बोलवा. आणि सख्खा भाऊ लांब असेल तर भाऊबीजेला याच घरातल्या कुणाला तरी पाटावर बसवून ओवाळा.