जुन्या बुलेटचं टायमिंग घरी लावताना या चुका टाळा

मे महिन्यात सोलापुरात गाडी तापते म्हटलं की समोरचा म्हणतो, ऊन आहे, तापणारच. 42-43 डिग्रीत माणसाचं डोकं तापतं, तिथं बुलेटचं काय! माझीही हीच समजूत होती. गाडी 350, कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे उघडताना प्लगची ठिणगी पाडणारा छोटा स्विच). तुळजापूरच्या घाटात ती दुसऱ्या गिअरवर कण्हायला लागली, पिकप गेला, सायलेन्सरचा पाइप इंजिनपाशी निळसर पडला. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला, की बिचाऱ्या उन्हाचा दोष नाही, टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, मागे पडलंय. मग घरीच पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो आणि करता येतील तेवढ्या चुका केल्या.

सगळ्यात मोठी चूक पहिल्या पाच मिनिटांतच केली: डिस्ट्रिब्युटर (पॉइंट ज्यात बसतात तो डबा) फिरवला. खुणा न करता! नट आवळलेला असेल तर डिस्ट्रिब्युटर आपण होऊन हलत नाही. बदलते ती पॉइंटची गॅप. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) घासून झिजते, गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो आणि ठिणगी उशिरा पडते. म्हणजे टायमिंग मागे. गॅप वाढवली तर उलटं, ठिणगी लवकर, टायमिंग पुढे. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. हा क्रम उलटा केला की केलेलं सगळं पुन्हा करावं लागतं. मी पुन्हा केलं.

या गाडीला गॅप 0.35 ते 0.40 मिमी. कॅमच्या सगळ्यात उंच जागेवर पॉइंट पूर्ण उघडलेला असताना फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजायची. व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप लावणारे उस्ताद आहेत, पण प्रत्येक कार्डाची जाडी वेगळी असते. गेज काही फार महाग नाही. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल तर गेज उंचवट्यावर अडकतं आणि गॅप खोटी दिसते. असे पॉइंट बदला. नुसते काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवून पेट्रोलच्या फडक्यानं पुसा, नाहीतर पेपरची कचच मध्ये अडकून बसते. कॅमला ग्रीस लावायचं ते नखावर मावेल एवढंच. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं.

आता टॉप शोधायचा, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा टॉपला येतो, एकदा कॉम्प्रेशनवर, एकदा एक्झॉस्टवर. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून आपल्याला फक्त कॉम्प्रेशनचा टॉप चालतो. टॅपेटचं झाकण काढून दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) बोटांनी फिरवून बघा. दोन्ही सहज फिरले तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, जागा बरोबर. एक अडला तर अजून एक फेरा मारा. (जुन्या येझदीवाल्यांना ही डोकेदुखी नाही, टू-स्ट्रोकला प्रत्येक टॉपला ठिणगी. आरएक्स 100 ला तर पॉइंटच नाहीत, सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. तिथं हा लेख बाजूला ठेवा.)

ठिणगी टॉपच्या 0.8 मिमी आधी पडायला हवी, तीही ऑटो ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) वजनं पूर्ण मिटलेली असताना. ऐकायला हे अंतर किरकोळ वाटतं. पण 90 मिमीच्या स्ट्रोकमध्ये ते क्रँकचे साधारण 10 अंश होतात आणि डिस्ट्रिब्युटरवर फक्त 5. डिस्ट्रिब्युटरची बॉडी एवढीशी ढकलली तरी टायमिंग कुठल्या कुठं जातं. प्लगच्या भोकातून तार घालून मोजताना ती तिरकी जाते आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवते, हेही ध्यानात ठेवा. तार आत असताना किक अजिबात मारू नका. गाडी स्टँडवर, टॉप गिअरमध्ये, मागचं चाक हातानं हळूहळू फिरवा.

चाक फिरवायचं ते पुढच्याच दिशेनं. 0.8 ची खूण ओलांडली तर बरंच मागे घेऊन पुन्हा पुढे या, कारण गिअरच्या दात्यांत थोडी ढिलाई असते. पहिल्या खेपेला माझं गणित चुकलंच होतं. गाडी सुरू झाली, पण किक अशी मागे आली की पायातली चप्पल अंगणात गेली. टायमिंग फार पुढे गेलं की असंच होतं. बूट घाला, डिकॉम्प्रेसर (किक मारण्याआधी इंजिनातला दाब सोडणारी कळ) वापरा.

पॉइंट नेमका कधी उघडतो ते बघायला वेगळं काही लागत नाही, गाडीवरचा अँपिअर मीटर (बॅटरीचा करंट दाखवणारा काटा) आहेच. इग्निशन चालू, पॉइंट बंद, की काटा वजाकडे झुकतो. पॉइंट उघडला की मध्यावर येतो. तो क्षण 0.8 वर आला पाहिजे. पुढे घ्यायचं असेल तर कॅम फिरतो त्याच्या उलट दिशेनं बॉडी ढकला. आणि पॉइंट बंद, इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका. कॉइल तापते, बॅटरी उतरते.

एवढं करूनही गाडी थंड असताना छान चालते आणि हॉटगी रोडवर अर्ध्या तासानं मिसिंग घेऊन बंद पडते? मग टायमिंगला हात लावू नका. कंडेन्सर (पॉइंटमध्ये ठिणगी उडू न देणारा छोटा भाग) तपासा. खराब कंडेन्सर गरम झाला की हात टेकतो, पॉइंटमध्ये मोठी ठिणगी दिसते आणि प्लगवर ती फिकट पिवळी येते. नवा कंडेन्सर लावून बघणं हीच सोपी तपासणी. गाडी ॲक्सिलरेटर सोडला तरी उंच आवाजातच राहत असेल तर ऑटो ॲडव्हान्सच्या स्प्रिंग ढिल्या झाल्यात किंवा वजनं अडकलीत. कॅम हातानं पिळून सोडा, तो झटकन मागे यायला हवा.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तुळजापूरचा घाट गाठला. चढावर ॲक्सिलरेटर दिला की टिकटिक असा आवाज येत होता, म्हणजे टायमिंग अजून केसभर पुढे होतं. देवीचं दर्शन घेऊन आलो, पायथ्याशी सावली बघून थांबलो आणि बॉडी केसभर मागे घेतली. या वेळी आधी स्केच पेननं खूण करून.