कॉलनीत ज्येष्ठांचा कट्टा सुरू करायचाय? खुर्च्या आधी, नोंदणी शेवटी

लातूर, नांदेड, परभणी, बीड, कुठंही जा. एक शिक्षक कॉलनी असतेच, एखादी बँक कॉलनी नाहीतर पाटबंधारेवाल्यांची वसाहत असते. नोकरीत असताना प्लॉट घेऊन घरं बांधलेली ही मंडळी आता निवृत्त झालीत, मुलं पुण्याला किंवा हैदराबादला. शिवाय गावाकडचं घर बंद करून मुलाकडं राहायला आलेले आई-वडील असतात, त्यांना शेजारच्या घरात कोण राहतं हेही माहीत नसतं. अशा ठिकाणी ज्येष्ठांसाठी काहीतरी हवं, हे सगळ्यांनाच पटतं. मग पहिली बैठक भरते ती अध्यक्ष कोण या विषयावर, आणि बरेच संघ तिथंच आटोपतात.

म्हणून क्रम उलटा ठेवा.

आधी नुसतं बसायला लागा

चार-पाच जण, एक जागा, एक वेळ. दोन-तीन महिने एवढंच करा. नाव नको, फलक नको, वर्गणी नको. बहुतेक लेआउटमध्ये ओपन स्पेस असते, तिथं मारुतीचं नाहीतर गणपतीचं मंदिर आणि ओटा असतो. तेवढं पुरतं.

जागा ठरवताना सावली सगळेच बघतात. तुम्ही संडास-बाथरूम किती लांब आहे ते बघा. वय झालं की पुरुषांना लघवीला वारंवार जावं लागतं, आणि बायका तर सोय नाही म्हणून दुपारपासून पाणीच पीत नाहीत. जवळ सोय नसेल तर कडेच्या एखाद्या घरी आधीच विचारून ठेवा. दर वेळी संकोच करत विचारावं लागलं तर माणूस विचारत नाही, यायचंच बंद करतो.

खुर्च्या हाताच्या घ्या. गुडघे गेलेला माणूस दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबतो, पुढं झुकतो, एकदा दम घेतो आणि मग उठतो. त्याला स्टुलावर किंवा बुटक्या ओट्यावर बसवलं तर उठताना दोघांना धरावं लागतं. दुसऱ्या दिवशी तो येत नाही आणि विचारलं तर ‘पाहुणे आले होते’ म्हणतो. खुर्च्या मांडायच्या त्याही गोल. ओळीत मांडल्या की मागच्याला ऐकू येत नाही, आणि कमी ऐकू येणाऱ्याला समोरच्याचे ओठ दिसावे लागतात.

वेळ एकच ठेवायची, पण ऋतूप्रमाणे सरकवायची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं असतो आणि फरशी संध्याकाळी सहालासुद्धा भाजते; तेव्हा साडेसहाच्या आधी कुणाला बाहेर काढू नका. थंडीत साडेचारला बसून अंधार पडायच्या आत घरी.

कोण येत नाही ते बघा

महिनाभरात कट्टा निवृत्त पुरुषांचा होऊन बसतो. महागाई भत्ता, पेन्शनची फाइल, वेतन आयोग, मग पुन्हा महागाई भत्ता. ज्यानं आयुष्यभर शेती केली तो शेजारी बसून ऐकतो, चार दिवस, आणि पाचव्या दिवशी गॅलरीत उभा राहतो. त्याला बोलतं करायचं तर विषय तुम्ही काढायचा: ‘आबा, यंदा सोयाबीनचं कसं काय वाटतंय?’ बाकीच्यांनाही गावाकडं दोन-चार एकर असतातच, गप्पा आपोआप वळतात. आणि पहिले काही दिवस त्यांच्या फाटकाशी जाऊन हाक मारा. नुसत्या निरोपावर नवखा माणूस येत नाही.

बायकांचं भजनी मंडळ बहुधा आधीपासूनच चालू असतं, आणि पुरुषांच्या कुठल्याही संघापेक्षा नेटकं चालतं. त्याची ‘महिला शाखा’ करू नका. त्यांचा वार त्यांना राहू द्या, आणि आठवड्यातला एक दिवस सगळ्यांचा मिळून ठरवा.

राजकारणावर बंदी घालू नका, पाळली जाणार नाही. फक्त निवडणुकीच्या काळात उमेदवाराला माइक देऊ नका.

करायचं काय

रोज एक साधी गोष्ट, आठवड्याला एक ठरलेली, महिन्याला एक मोठी. रोजचं म्हणजे वर्तमानपत्राचं वाचन: मोतीबिंदूमुळं अनेकांना बारीक अक्षर दिसत नाही, एकानं मोठ्यानं वाचलं की वादालाही तोंड फुटतं. कॅरम, बुद्धिबळ ठेवा. पत्त्यात मेंढीकोट, बदाम सात चालू द्या. पैसे लावून रमी नको, दोन महिन्यांत भांडणं होतात.

हास्य क्लबची कल्पना डॉ. मदन कटारिया यांनी 1995 मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन सुरू केली. करायला सोपा आहे, पण हर्निया असलेल्यांनी, डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर लावू नये.

वाढदिवसांची यादी करा. निम्म्यांची जन्मतारीख 1 जून निघाली तर दचकू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली असते. सगळ्यांचा मिळून एकच कार्यक्रम करा आणि खरा जन्म कुठल्या सणाच्या, पुराच्या किंवा दुष्काळाच्या आसपासचा, ते प्रत्येकाला सांगू द्या.

हीच रीत 17 सप्टेंबरला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन झालं की पाहुण्यांचं भाषण ठेवण्याऐवजी पंचाऐंशीच्या पुढच्या माणसाला विचारा, 1948 मध्ये तुमच्या गावात काय झालं? निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीनं घरचे कुठं लपले, पोलीस ॲक्शनची, म्हणजे भारतीय सैन्य आल्याची बातमी कशी आली, हे सांगणारे आता मोजकेच उरलेत. पंचाहत्तरीतले लोक 1972 चा दुष्काळ सांगतील, तेव्हा खायला मिळालेली सुकडी आणि खडी फोडण्याची कामं. एका बैठकीला एकच विषय घ्या, आणि सांगणाऱ्याची हरकत नसेल तर कुणाच्या नातवाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला बसवा.

सहली

लातूर-धाराशिवकडच्यांनी वेळ अमावस्या, म्हणजे शेतात जाऊन जेवायचा सण, सोडू नये. कुणाच्या तरी शेतात भज्जी, आंबील, उंडे असतातच आणि बोलावणंही असतं. थंडीत हुरडा होतो. दात नसलेल्यांसाठी पिठलं-भाकरी आणि मऊ भात वेगळा सांगून ठेवा.

दिवसाच्या सहलीला आपल्याकडं संतांची गावं पसरलेली आहेत: पैठण, आपेगाव, जनाबाईचं गंगाखेड, नामदेवांचं नरसी, गोरोबाकाकांचं तेर. एका दिवसात एकच ठिकाण करा. एस.टी.त 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, 75 च्या पुढं ऑगस्ट 2022 पासून मोफत, आणि मार्च 2023 पासून महिलांना निम्मं भाडं. त्यामुळं खासगी गाडी करण्यापेक्षा रोजच्या एस.टी.नं गेलं तर खर्च नावापुरता येतो. आधार कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवं. गाडीची पायरी उंच असते, चढवायला दोन धडधाकट माणसं बरोबर घ्या.

पैसे आणि फोन

वर्गणी परवडेल तेवढीच. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला भिंतीवर चिकटवा, म्हणजे कुजबूज होत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त निरोप. शुभ सकाळवाल्यांना हवा तर दुसरा ग्रुप काढून द्या.

प्रत्येकाचं एक कार्ड करा: रक्तगट, चालू गोळ्या, कसली ॲलर्जी, मुलाचा किंवा मुलीचा नंबर. एक प्रत खिशात, एक कट्ट्यावरच्या डब्यात. डब्याच्या झाकणावर रुग्णवाहिकेचा 108 लिहा आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 सुद्धा.

कुणी गेलं की

हे होणारच आहे, म्हणून आधी ठरवून ठेवा. शोकसभा सगळेच घेतात. खरी अडचण मागं राहिलेल्याची असते. तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, घर सुनं होतं, आणि माणूस खोलीत बसून राहतो. त्या आठवड्यात दोघांनी जायचं, चहा घ्यायचा, आग्रह न करता उठायचं. पुन्हा चार दिवसांनी जायचं. बाई असेल तर बायकांनीच जावं. पहिल्यांदा परत येतील तेव्हा सत्कार, भाषण, काही नको. त्यांची खुर्ची मांडलेली असू द्या.

नोंदणी आता

वर्षभर कट्टा टिकला, की मग नाव ठेवा. बँक खातं, महापालिकेकडं शेडची मागणी, आमदार निधी यांसाठी नोंदणी लागते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद हवेत. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करा. खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा आणि पदाची मुदत दोन-तीन वर्षांचीच घाला. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्याच्या सह्या निवडीच्या बैठकीतच घ्या. नंतर निम्मी कार्यकारिणी नातवंडांकडं पुण्याला गेलेली असते.