आई विसरायला लागली की तिच्या दातांचं काय करायचं

आईने भाकरी सोडली तेव्हा आम्हाला वाटलं डिमेन्शिया, म्हणजे तिचा विसरण्याचा आजार, वाढला. नुसता वरणभात, तोही न चावता गिळायची, आणि जेवायला बसवलं की चिडायची. महिनाभर असंच चाललं. मग एकदा कवळी काढून धुताना सहज मोबाईलचा टॉर्च मारून तोंडात बघितलं तर खालची दाढ अर्धी तुटलेली आणि तिची धार घासून घासून जिभेला जखम. बिचारीला दुखत होतं पण "दात दुखतोय" एवढं सांगताच येत नव्हतं. म्हणून पहिलं काम हेच, आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन तोंडात बघा. गालाच्या आत, जिभेखाली, कवळीखाली, सगळीकडे. पांढरा किंवा लाल चट्टा किंवा तोंड आलेलं दोन आठवड्यांत बरं होत नसेल तर लगेच दाखवायचं.

आता दात आणि मेंदूचा संबंध काय, तर व्हॉट्सॲपवर फिरतं तसं "ब्रश करा, अल्झायमर (डिमेन्शियाचाच सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) टाळा" इतकं सोपं नाहीये ते. 2019 मध्ये पायरियाचा एक बॅक्टेरिया अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूत सापडल्याचा पेपर आला, त्याच्यावर औषधही काढलं, पण 2021 ला मोठ्या ट्रायलमध्ये ते फेल गेलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या टीमने 14 अभ्यास म्हणजे 34,074 लोकांचा डेटा एकत्र केला, त्यात जास्त दात पडलेल्यांना स्मरणशक्ती-विचारशक्ती कमी होण्याचा धोका 1.48 पट आणि डिमेन्शियाचा 1.28 पट निघाला. गंमत म्हणजे कवळी लावणाऱ्यांमध्ये हा फरक ठळक दिसला नाही, कदाचित चावून नीट खाता येतं म्हणून. पण हे उलटंही असू शकतं ना, माणूस विसरायला लागला की ब्रश करायचंच विसरतो आणि मग दात जातात. शुगरचंही तसंच, ती हिरड्याही बिघडवते आणि मेंदूलाही त्रास देते. मी स्वतः एवढंच धरून चालते की दातांनी आईचा आजार बरा होणार नाही, पण दुखणं आणि उपासमार तरी नक्की थांबते.

ब्रश करून देताना लहान मुलासारखं समोर उभं राहून तोंडात ब्रश घालू नका, त्यांना हल्ला केल्यासारखं वाटतं. आरशासमोर खुर्चीत ताठ बसवा, आडवं झोपवून अजिबात नाही कारण ठसका लागतो, आणि तुम्ही बाजूला किंवा थोडं मागे उभे राहा. ब्रश त्यांच्याच हातात द्या आणि त्यांच्या हाताला खालून धरून सुरुवात करून द्या, बऱ्याचदा पुढचं हाताला आपोआप आठवतं. तुम्ही पण शेजारी स्वतःचा ब्रश करा, नक्कल करतात. दांडी पकडता येत नसेल तर सायकलची जुनी ग्रिप चढवा. सॉफ्ट ब्रश, फ्लोराइडवाली पेस्ट, तीही वाटाण्याएवढीच. थुंकता येत नसेल तर अजून कमी लावून नंतर ओल्या गॉजने पुसून घ्या, फक्त बोट दातांच्या मधे नका नेऊ, चावतात, अनुभव आहे. नाही म्हणाल्या तर वाद नको, वीस मिनिटांनी परत विचारायचं, मघाचं विसरलेल्या असतात.

मिश्री हा वेगळाच विषय. आमच्याकडच्या बायकांना ती मंजनच वाटते पण आहे भाजलेली तंबाखू, हिरड्या जातात आणि कॅन्सरची भीती. एकदम डबी लपवली तर मात्र घरात रणकंदन होतं, डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करा.

तोंड कोरडं पडत असेल तर गोळ्यांची लिस्ट बघायला सांगा, ॲलर्जीच्या, डिप्रेशनच्या, लघवीच्या बऱ्याच गोळ्यांनी तसं होतं आणि लाळ कमी झाली की दात भराभर किडतात. तीच लिस्ट डेंटिस्टलाही दाखवायची. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, आणि हाडांसाठी इंजेक्शन चालू असेल तर दात काढायच्या आधी सांगाच. मोठी कामं, रूट कॅनॉल असो की नवीन कवळी, आजार सुरुवातीचा असतानाच उरकून घ्या, नंतर त्या तोंड उघडून बसत नाहीत आणि नवीन कवळीची सवयही होत नाही. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेज आहे, रांग लागते पण काम होतं.

कवळी रात्री काढायचीच. जपानमध्ये 85 च्या पुढच्या 524 लोकांवर अभ्यास झाला होता, कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त निघाला. साध्या साबणाने वेगळ्या ब्रशने धुवा, पेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने वाकडी होते, आणि खाली बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा म्हणजे हातातून सटकली तरी फुटत नाही. रात्रभर साध्या पाण्यात. हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं तर नाव लिहिलेली झाकणाची डबी सोबत द्या आणि नर्सला सांगून ठेवा, नाहीतर कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळलेली कवळी जेवणाच्या ताटाबरोबर कचऱ्यात जाते.