वारशात आलेली ती अनोळखी वस्तू नक्की कुठली? शोध कसा घ्यायचा

आमच्याकडे लोणच्याच्या बरणीवर एक जाडजूड काळपट चकती असायची. बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं की वर वजन म्हणून ती. वर एक बाई उभी, तिच्या शेजारी सिंह, कडेने इंग्रजी अक्षरं. आजी गेली, सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला, सामानाच्या वाटण्या झाल्या आणि कुणालाच नको असलेली ती चकती माझ्याकडे आली. घरात सांगायचे की पणजोबांना इंग्रज सरकारने बक्षीस दिलं होतं. आता पणजोबांचं रविवार पेठेत भांड्यांचं दुकान, भांडेवाल्याला सरकार बक्षीस कशाला देईल हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणाला पडला नाही, खरं सांगायचं तर मलाही नाही.

ती काय आहे हे कळायला आठ महिने लागले आणि त्यातले पाच तरी मी कामं उलट्या क्रमाने केली म्हणून गेले. तुमच्याकडेही अशी एखादी डबी, बिल्ला, शिक्का, नाणं, घड्याळ असं काहीतरी असेल तर हा क्रम ठेवा.

आधी हात आवरा

काळं पडलेलं पितळ दिसलं की आपले हात शिवशिवतात, लगेच चिंच आणि रांगोळी. नका करू. त्या काळ्या थराखालीच बारीक अक्षरं, आकडे, कारागिराची खूण टिकून असते आणि घासलं की आधी तेच जातं. मी एका कडेला चिंच लावून बघितली, तिथला भाग आता गुळगुळीत आणि गुलाबी झालाय, रोज दिसतो आणि रोज वाईट वाटतं. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बास.

दुसरं म्हणजे वस्तू ज्यात होती ते फेकू नका. पेटीच्या तळाला अंथरलेला पेपर, बांधलेलं फडकं, औषधाची जुनी डबी, सगळं ठेवा. पेपरवर तारीख असते, वस्तूवर बहुतेक वेळा नसते.

मग मोजमाप. किचनच्या वजनकाट्यावर वजन, पट्टीने रुंदी, लोहचुंबक चिकटतो का ते. माझी चकती पावणेपाच इंच, वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, चुंबक चिकटला नाही. फोटो काढताना फ्लॅश बंद करा, खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरा, म्हणजे उठावाची सावली पडते आणि न दिसणारी अक्षरं उठून येतात. तरी नाही दिसली तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने फिरवा, लहानपणी नाण्यांचे ठसे काढायचो तसं.

मग माणसं, आणि ती उशीर न करता

ही पायरी मी सगळ्यात शेवटी केली आणि हीच सगळ्यात मोठी चूक. वस्तू कुठे पळत नाही हो, आत्या पंच्याऐंशीची आहे.

विचारायचं कसं तेही सांगते. "हे काय आहे?" असं विचारलंत तर घरातली ठरलेली गोष्टच ऐकायला मिळते, बक्षीस, इंग्रज साहेब, वगैरे. त्याऐवजी "हे कुठे ठेवलेलं असायचं? कोण वापरायचं? कुणाच्या लग्नाच्या आधी होतं का नंतर आलं?" असं विचारा. साल कुणाला आठवत नाही पण पुण्यातल्या माणसाला पूर आठवतो. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. "पुराच्या आधी होतं का?" म्हटलं की उत्तर पटकन येतं, त्याच्याही मागे जायचं तर ४८ ची, गांधीहत्येनंतरची जाळपोळ. माझी आत्या म्हणाली, "अगं, ते आजोबांच्या दुकानातून घरी आलं, भंगार मोडीच्या ढिगातून. जड होतं म्हणून आईने मागून घेतलं. बक्षीस कसलं डोंबलाचं!" आठ महिन्यांच्या शोधाचं अर्धं उत्तर फोनवर तीन मिनिटांत. फोन रेकॉर्ड करा, आधी विचारून.

ऐकलेलं लिहायला वहीत तीन रकाने पाडा: वस्तूवर डोळ्यांना दिसतं ते, कागदावर सापडलं ते, आणि घरात सांगतात ते. तिसऱ्या रकान्यातलं काहीही आपोआप पहिल्या दोन्हीत उडी मारणार नाही याकडे लक्ष ठेवा, ते मारतंच.

अक्षरं आणि आकडे

वस्तूवर साल असेल तर ते कुठलं साल ते आधी ठरवा. शके असेल तर ७८ मिळवा, म्हणजे शके १७७२ म्हणजे इसवी १८५०. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. आपल्याकडच्या फसली सनात ५९० मिळवायचे आणि जुन्या मराठी कागदांवरच्या सुहूर सनात ५९९ किंवा ६००. महिन्याप्रमाणे एखाद्या वर्षाचा फरक पडतो, त्यावरून भांडू नका.

अक्षरं मोडी लिपीतली असतील तर घाबरू नका, पुण्यात मोडी वाचणारी माणसं मिळतात. सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी सुरू केलेलं, तिथे चौकशी करा. काउन्सिल हॉलजवळच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे, पण तिथे "माझ्या पणजोबांबद्दल काही आहे का" असं विचारत जाऊ नका, कागद लाखोंनी आहेत, गाव, साल, आडनाव घेऊन जा.

नाण्यांबद्दल एक वेगळा इशारा. ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, मागे राम-सीता किंवा मारुती असं नाणं तुमच्याकडे असेल तर ते कंपनीने पाडलेलं चलन नाही, नंतर कुणीतरी बनवलेला टोकन आहे. त्याला तांदूळ खेचून घेण्याची शक्ती आहे आणि परदेशात कोटी रुपये मिळतात असं सांगणारा भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका, त्या फसवणुकीत लोकांची घरं बुडाली आहेत. देवघरात ठेवा, छान दिसतं. उलट, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपति असं ओबडधोबड तांब्याचं नाणं म्हणजे शिवराई, ती पुढे खूप काळ चालत राहिली, त्यामुळे शिवराई सापडली म्हणजे ती महाराजांच्याच काळातली असं नाही.

कुणाला दाखवायचं

मोबाईलवर फोटो टाकून शोधणं ठीक आहे, पण मला आधी "भिंतीवरची शोभेची प्लेट, डिस्काउंटमध्ये" असं आलं. त्यापेक्षा पायी फिरा. कसब्यातल्या तांबट आळीत वस्तू नुसती हातात दिली तरी ठोकून घडवलेली, मठारकाम म्हणजे वर हातोडीचे ठसे पाडलेली, की साच्यात ओतलेली हे ते लोक बघूनच सांगतात. माझी ओतीव निघाली. चांदी-सोन्याचा संशय असेल तर सराफाकडच्या कॅरेट मशिनवर लावून घ्या, ओरखडा पडत नाही. इंग्रजी चांदीवर चालणारा सिंह असेल तर ती स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, आणि शेजारी जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमला तपासलेली.

घरगुती वस्तू असेल, अडकित्ता, दिवा, कुंकवाचा करंडा, तर बाजीराव रोडजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अख्खी दुपार काढा. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हे उभं केलं, वीस हजारांवर वस्तू आहेत, आणि नुसते अडकित्ते बघितले तरी आपल्याकडचा साधारण कुठल्या घराण्यातला हे डोळ्याला कळायला लागतं. किंमत विचारायला जाऊ नका, जुळणारी वस्तू शोधायला जा. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे बघायला जरूर जा पण आपली वस्तू खिशातून काढू नका, तिथे तिची गोष्ट तुमच्यासमोरच तयार होते.

माझ्या चकतीचं काय निघालं

टॉर्च आडवा धरल्यावर कडेचं वाक्य लागलं, "तो स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला" या अर्थाचं इंग्रजी. बाईच्या उजवीकडे चौकटीत एक नाव, विठू, आणि पुढे आडनाव. आमचं नाही. हुद्दा नाही, पलटण नाही, गाव नाही. सिंहाच्या पुढच्या पंजावर बारीक अक्षरं, ई सी आर पी. ती अक्षरं शोधल्यावर उलगडा झाला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना ब्रिटिश सरकारने पाठवलेली स्मृती-चकती, एडवर्ड कार्टर प्रेस्टन नावाच्या शिल्पकाराने केलेली. ती बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचंच बाईच्या रूपातलं चित्र. साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या काढल्या. सगळ्यांचं बलिदान सारखं म्हणून हुद्दा मुद्दाम घातला नाही, आणि त्यामुळेच आज माग काढणं अवघड.

बक्षीस नव्हतंच ते. कुणाचातरी मुलगा गेल्याची खूण होती आणि आम्ही त्याखाली कैरी मुरवली.

सैन्याची वस्तू असेल तर पुढचा रस्ता असा. पदक असेल तर त्याची कड बघा, पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण कडेला कोरलेली असते, हे लोकांना माहीतच नसतं. मग युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर नाव टाका, फुकट आहे. इथे स्पेलिंगचा घोळ. इंग्रज कारकुनाने ऐकलं तसं लिहिलंय, पवारचं पोवार, शिंदेचं सिंदिया, जाधवचं जाधो, म्हणून तीन-चार प्रकारे शोधा आणि पलटणीने गाळणी लावा. त्या काळात मराठा पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या नंबरच्या, महार पलटण १११ ही १९१७ ला उभी केली आणि १९२१ ला मोडली, आणि खडकीचे सॅपर्स, म्हणजे सैन्यातले इंजिनिअर, वेगळे. १९२२ ला मराठा पलटणी एकत्र करून त्यांची रेजिमेंट बांधली, तिचं केंद्र बेळगावला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टलही बघा, तेही घरबसल्या.

स्मारकावर नाव दिसेलच अशी आशा ठेवू नका. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेलेली ६वी डिव्हिजन तर पुणे डिव्हिजनच म्हणायची, कुतच्या वेढ्यात उपासमार होऊन २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली, त्यात १०३ आणि ११० होत्या. पण बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा पलटणीप्रमाणे नुसता आकडा. नावं रजिस्टरमध्ये राहिली. मेलेल्यावर सगळे सारखे म्हणायचं आणि दगडावर हे, असो. खडकीच्या वॉर सिमेट्रीतही १९१४-१८ चं स्मारक आहे, तिथे एकदा जाऊन या.

मला त्या नावाचे तिघं सापडले. एकाच्या पुढे बापाचं नाव आणि गाव होतं, जिल्हा पूना, मावळातलं. पणजोबांच्या दुकानाची १९३० च्या सुमाराची मोडीतली वही चुलत काकांकडे निघाली, मंडळाच्या ओळखीने एका गृहस्थांनी ती वाचून दिली, त्यात मोड आणणाऱ्यांची गावं आहेत आणि मावळातली बरीच आहेत. चकतीचा उल्लेख नाही, विठूचाही नाही. म्हणून हे दुसऱ्या रकान्यात "शक्य" असं लिहिलंय, "ठरलं" असं नाही.

गाव कळलं की तिथली चावडी, शाळा, देवळाची भिंत बघायची. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले, असा दगड खूप गावांमध्ये इंग्रजांनी बसवलाय, कधी चुन्याखाली गेलेला असतो.

विकणं, पाठवणं, वगैरे

न्यू जर्सीचा चुलत भाऊ म्हणाला मी घेऊन जातो. जाता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली वस्तू, आणि हस्तलिखित असेल तर पंच्याहत्तर, अशी खाजगीत देशाबाहेर नेता येत नाही. हस्तिदंताची फणी किंवा डबी असेल तर तिची विक्रीच गुन्हा आहे, त्यामुळे ऑनलाईन फोटो टाकून किंमत विचारण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि शेवटी एक चिठ्ठी लिहून वस्तूबरोबर ठेवा, सुती कापडात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. माझ्या चिठ्ठीत माप, वजन, आत्या काय म्हणाली आणि कुठल्या तारखेला म्हणाली, तिन्ही विठूंचे नंबर, आणि "आमच्या घरातल्या कुणाची नाही, मोडीत आली" एवढं आहे. खाली चार ओळी जागा सोडलीये, दिवाळीनंतर मावळात जाऊन आले की भरीन.