दुरुस्तीनंतरही खडखड तशीच? गॅरेजशी बोलण्याआधी आणि बोलताना

पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड येते म्हणून गाडी दिली, लिंक रॉड (सस्पेन्शनमधला, दोन्ही टोकांना सांधा असलेला छोटा दांडा) बदलून मिळाला, बिल भरलं आणि घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर पहिल्याच खड्ड्यात तोच आवाज. अशा वेळी रागाच्या भरात गाडी दुसऱ्या गॅरेजला नेऊ नका. तिथे नटबोल्ट उघडले की पहिला मेकॅनिक म्हणणार, "आमच्यानंतर कुणीतरी हात लावलाय," आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसतं.

त्याच दिवशी ओडोमीटरचा फोटो काढा. शेजारी कुणाला तरी बसवून आवाज रेकॉर्ड करा: एसी आणि गाणी बंद, काच खाली, स्पीडब्रेकरवर १५-२० चा वेग. एकदा ब्रेक न लावता, एकदा हलका ब्रेक धरून. ब्रेक धरल्यावर आवाज गेला तर संशय ब्रेक पॅड आणि कॅलिपरवर (पॅड दाबणाऱ्या भागावर) जातो, सस्पेन्शनवर नाही. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग वळवल्यावर कटकट झाली तर स्ट्रटचं (पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरचं) वरचं माउंटिंग तपासायला सांगा. हे सगळं व्हिडिओसकट गॅरेजला व्हॉट्सॲप करा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. मात्र बिघाड ब्रेकचा, स्टिअरिंगचा किंवा इंजिन तापण्याचा असेल तर रेकॉर्डिंगसाठी गाडी चालवू नका. टो करूनच न्या.

गॅरेजमध्ये गेल्यावर नवीन जॉब कार्ड (कामाची लेखी नोंद) मागा आणि त्यावर पार्टचं नाव नव्हे, लक्षण लिहून घ्या. निम्मे वाद इथेच फसतात. "लिंक रॉड बदला" असं लिहिलं असेल तर तो बदलला की गॅरेजचं काम संपलं. "पुढे डावीकडे, २० च्या वेगाला, ब्रेकरवर खडखड, दि. अमुकच्या बिलानंतरही कायम" असं लिहिलं असेल तर आवाज जाईपर्यंत काम अपुरं. ट्रायलला मेकॅनिकला स्वतः गाडी चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. आवाज त्याच्या कानांनी ऐकला गेला पाहिजे.

मग काढलेला जुना पार्ट मागा. तो मागायला संकोच करू नका, पैसे तुम्ही दिले आहेत. लिंक रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट बोटांनी हलवून पाहा. झिजलेला असेल तर तो सैल असतो, स्वतःच्या वजनानेच खाली लोंबतो. चांगला असेल तर हलवायला जोर लागतो. जुना पार्ट असा घट्ट निघाला, रबराचं बूटही फाटलेलं नसेल, तर निदान चुकलं होतं. त्याची किंमत आणि लेबर पुढच्या बिलात वळती करून मागणं रास्त आहे. पार्ट खरंच झिजलेला असेल तर त्याचे पैसे देणंही तितकंच रास्त. तेव्हा फक्त राहिलेला दोष शोधण्याचं लेबर माफ करायला सांगा.

लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, बदलले असतील तर आणखी एक विचारा: बोल्ट शेवटचे कुठे आवळले? गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच ते पूर्ण आवळायचे असतात. लोअर आर्म काढला असेल तर अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्यावी लागते.

पैशांवरून अडलं तर एक कायदा लक्षात ठेवा. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार, सांगितलेलं काम केलेल्या कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. चावीवरून हमरीतुमरी करण्यापेक्षा पैसे यूपीआयने भरा आणि बिलावर लिहा, "तक्रार कायम, हरकत नोंदवून रक्कम दिली." त्याचा फोटो ठेवा.

दोनदा संधी देऊनही दोष राहिला तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून फक्त तपासणी करून लेखी अहवाल घ्या. तो जोडून गॅरेज मालकाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा: गाडीचा नंबर, दोन्ही बिलांच्या तारखा, लक्षण, किती पैसे परत हवेत आणि १५ दिवसांची मुदत. अधिकृत सेंटरविरुद्धच तक्रार असेल तर वर्क्स मॅनेजर आणि कंपनीचं कस्टमर केअर आधी.

तरीही दाद नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे तडजोड होऊ शकते, निकाल लागत नाही. निकालासाठी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार करण्याची मुदत २ वर्षांची. गॅरेजला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात ती चालते. नंबर प्लेट एमएच ०४ (ठाणे) आहे की एमएच ४३ (नवी मुंबई), याने फरक पडत नाही. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगडमध्ये. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः रिक्षा किंवा टॅक्सी चालवणाराही ग्राहकच आहे. "धंद्याची गाडी आहे" म्हणून कुणी परतवून लावलं तर ऐकून घेऊ नका.